साम्यवादी राजवटीत कॅथलिक फादर कसे घडत?

विचारलेले प्रश्न तीन आहेत. जे सरकार देवच मानत नव्हतं, त्याच्या राज्यात कॅथलिक धर्मगुरू तयार तरी कसे होत? सरकारने सेमिनरी, म्हणजे फादर घडवणाऱ्या शाळा, सरळ बंद का केल्या नाहीत? आणि ज्यांनी चोरून गुरुदीक्षा घेतली, ते पुढे खरे फादर मानले गेले का?

मी स्वतः धर्मगुरू आहे. सेमिनरीत मुलं घडवणं आणि ख्रिस्तसभेचा, म्हणजे चर्चचा, इतिहास शिकवणं यात माझ्या आयुष्याचा मोठा भाग गेला, त्यामुळे हा विषय मला फक्त इतिहासाचा वाटत नाही. साम्यवादी देश म्हटले की सगळे एकाच माळेचे मणी असं आपण धरून चालतो. तसं नव्हतं. पोलंडमध्ये एक घडलं, पूर्व जर्मनीत दुसरं, व्हिएतनाममध्ये तिसरंच. मी उत्तर मुख्यतः चेकोस्लोव्हाकियाच्या अनुभवावरून देतो, कारण सरकारी नियंत्रण आणि त्याला दिलेलं गुप्त उत्तर, दोन्ही तिथे टोकाला गेली. एक गैरसमजही आधीच दूर करतो. पोप जॉन पॉल दुसरे तरुणपणी क्राकूवच्या गुप्त सेमिनरीत शिकले हे खरं आहे, पण ती गोष्ट १९४२ नंतरची, नाझींच्या ताब्यातल्या पोलंडची. साम्यवाद्यांशी त्यांची गाठ नंतर पडली.

फादर घडतो कसा, हे आधी सांगायला हवं, नाहीतर सरकारने नेमका घाव कुठे घातला ते कळणार नाही. पुण्यातली पेपल सेमिनरी घ्या, जी १९५५ साली श्रीलंकेतल्या कँडीहून इथे आली, किंवा गोव्यातलं राशोल घ्या. मुलगा येतो, काही वर्षं तत्त्वज्ञान शिकतो, मग ईश्वरविज्ञान, मधे एखाद्या धर्मग्रामात, म्हणजे स्थानिक चर्चमध्ये, काम करतो. लोकांना दिसतो तो हा अभ्यास. पण सेमिनरीचा प्राण आहे तो मुलगा आणि त्याला घडवणारे फादर यांच्यातल्या विश्वासात. यासाठी ख्रिस्तसभेने जुनी, शहाणपणाची सोय केली आहे. रेक्टर, म्हणजे सेमिनरीचा प्रमुख, मुलाचं वागणं बघतो आणि शेवटी तो दीक्षेला योग्य की अयोग्य हे बिशपांना सांगतो. आध्यात्मिक मार्गदर्शक मात्र वेगळा असतो. मुलगा त्याला जे सांगतो ते रेक्टरपर्यंत कधीच जात नाही, आणि मुलाला दीक्षा द्यावी की नाही यावर त्या मार्गदर्शकाचं मतही विचारलं जात नाही. म्हणून तर एखादा मुलगा रात्री उशिरा दार वाजवून म्हणू शकतो, “फादर, मला हे जमेलसं वाटत नाही.” माझ्या मते त्या एका वाक्यासाठी अख्खी सेमिनरी उभी असते. जिथे मुलगा हे बोलू शकत नाही, तिथे पदवी मिळेल, फादर घडणार नाही.

आता सरकारकडे वळू. फेब्रुवारी १९४८ मध्ये प्रागमध्ये साम्यवाद्यांनी सत्ता हाती घेतली. ऑक्टोबर १९४९ मध्ये दोन कायदे आले, क्रमांक २१७ आणि २१८. पहिल्याने चर्चच्या कारभारासाठी स्वतंत्र सरकारी कार्यालय उभं केलं. दुसऱ्याने फादरांचा पगार सरकारी तिजोरीतून सुरू केला. वरवर पाहता उपकारच, पण त्याच कायद्यात अट होती की सरकारी संमतीशिवाय कुणालाही धर्मगुरूचं काम करता येणार नाही, आणि प्रजासत्ताकाशी निष्ठेची शपथ घ्यावी लागेल. संमती दिली तशी काढूनही घेता येत असे, अमुक कारण दाखवायलाच हवं असं बंधन नव्हतं. संमतीविना मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, केली किंवा प्रवचन दिलं तर तो फौजदारी गुन्हा. १९६१ च्या दंडसंहितेतलं कलम १७८ याचसाठी होतं, चर्चवरच्या देखरेखीत अडथळा आणल्याचं. शिक्षा दोन वर्षांपर्यंत तुरुंग.

सेमिनरी बंद का केल्या नाहीत, याचं उत्तर इथेच आहे. घटनेत धर्मस्वातंत्र्य लिहिलेलं होतं आणि जगाला ते दाखवायचंही होतं. लोक मोठ्या संख्येने कॅथलिक होते, स्लोव्हाकियात तर गावंच्या गावं. सगळी दारं एकदम लावली असती तर उद्रेक झाला असता. शिवाय सरकारला रोमपासून, म्हणजे पोपपासून, तुटलेली, आपल्या शब्दात राहणारी ख्रिस्तसभा हवी होती, आणि तिच्यासाठी आपल्या मर्जीतले फादर लागणारच होते. म्हणून त्यांनी सगळ्या सेमिनरी बंद करण्याऐवजी मोजक्याच ठेवून त्या ताब्यात घेतल्या.

१९५० साल या दृष्टीने भयंकर ठरलं. १३ एप्रिलच्या रात्री पोलिसांनी देशभरातल्या पुरुष व्रतस्थांच्या मठांना वेढा घातला आणि दोन हजारांहून जास्त व्रतस्थांना बसमध्ये घालून ठराविक मठांत डांबलं. त्याच महिन्याच्या शेवटी ग्रीक-कॅथलिक ख्रिस्तसभा (पूर्वेकडचे विधी पाळणारी, पण पोपना मानणारी) जबरदस्तीने ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये विलीन केली. जुलैत धर्मप्रांतांच्या सेमिनरी मोडीत काढल्या. उरल्या फक्त दोन सरकारमान्य संस्था: चेक भागासाठी प्रागमध्ये, जी १९५३ मध्ये तिथून उठवून लितोमेर्झित्से या छोट्या गावी हलवली, आणि स्लोव्हाकियासाठी ब्रातिस्लाव्हामध्ये. प्राध्यापक सरकारच्या पसंतीचे, अभ्यासक्रमात मार्क्सवाद सक्तीचा. या नव्या सेमिनरीत जायला अनेक विद्यार्थ्यांनी नकार दिला, कारण बिशपांच्या अधिकाराखाली नसलेली सेमिनरी त्यांना मान्य नव्हती. अशा कितीतरी मुलांना लष्करी सेवेच्या नावाखाली मजूर तुकड्यांत धाडलं. हातात बंदूक नाही, कुदळ. खाणी आणि बांधकामं. त्या तुकड्या १९५४ पर्यंत चालल्या.

पुढे दरवर्षी किती मुलं घ्यायची हे सरकार ठरवू लागलं. अर्ज जिल्ह्यातल्या चर्चविषयक सचिवाकडून जाई. हा माणूस बहुधा पक्षाचा, आणि धर्मग्रामातल्या फादरच्या बदलीपासून मुलांच्या प्रवेशापर्यंत सगळं त्याच्या हातात. मुलाला बोलावून समजावलं जाई, आईवडिलांच्या नोकरीची आठवण करून दिली जाई. हुशार, लोकांत वजन असलेला मुलगा नेमका मागे पडे. वर्षानुवर्षं अर्ज करूनही ज्यांना प्रवेश मिळाला नाही अशांतूनच पुढे गुप्त ख्रिस्तसभेला मनुष्यबळ मिळालं. सरकारनेच ते तिच्या दारात नेऊन सोडलं होतं.

तरीही प्रवेशावरचं नियंत्रण आणि सक्तीचा मार्क्सवाद हे मला त्यातल्या त्यात सोसण्याजोगे घाव वाटतात. मार्क्स वाचून कुणाची श्रद्धा जात नाही, आमच्या मुलांनाही आम्ही तो शिकवतो. खरा घाव विश्वासावर होता. गुप्त पोलीस, म्हणजे एसटीबी, विद्यार्थ्यांतून आणि शिक्षकांतून खबरे मिळवत. एखाद्याची दुखरी नस हेरायची, एखाद्याला प्रवेशाच्या बदल्यात कागदावर सही करायला लावायची. आपल्यापैकी कुणीतरी बातम्या पोचवतो हे सगळ्यांना ठाऊक असे, कोण ते ठाऊक नसे. अशा घरात मुलगा आपली शंका कुणापाशी बोलणार? मघाशी सांगितलेलं ते रात्रीचं दार तो वाजवणारच नाही. आणि दाराआडच्या फादरवरही भरवसा नसेल तर तो काय करेल? गप्प राहायला शिकेल. सहा वर्षं गप्प राहून फादर झालेला माणूस लोकांचं ऐकताना, त्यांच्याशी मोकळं बोलताना किती अडखळत असेल, याचा विचार मी अनेकदा करतो. राजवट पडल्यावर जुन्या पोलीस फायलींतून जी नावं निघाली, त्यांनी या समाजाला दुसऱ्यांदा जखमी केलं.

पण सरकारमान्य सेमिनरीत शिकलेले सगळे विकले गेले होते असं कुणी म्हणत असेल तर मी ठामपणे नाही म्हणेन. मिलोस्लाव व्ल्क लितोमेर्झित्सेला शिकले, १९६८ मध्ये फादर झाले. १९७८ मध्ये सरकारी संमती गेली आणि ते प्रागमध्ये खिडक्यांच्या काचा पुसू लागले, कित्येक वर्षं. १९९१ मध्ये तेच प्रागचे आर्चबिशप झाले. दोमिनिक दुका यांची दीक्षा १९७० ची. संमती गेल्यावर पिल्झनच्या श्कोडा कारखान्यात तांत्रिक आराखडे काढत होते, आणि चोरून आपल्या डॉमिनिकन संघाची नवी मुलं घडवत होते. त्यासाठी तुरुंगातही गेले. तिथे त्यांच्यासोबत व्हाक्लाव हावेल होते, नंतरचे राष्ट्राध्यक्ष. वाक्लाव माली १९७६ मध्ये दीक्षित झाले, मानवी हक्कांच्या ‘सनद ७७’वर सही केली, संमती गेली, मग बॉयलर सांभाळला. तिघेही सरकारी देखरेखीतल्या सेमिनरीतून बाहेर पडलेले. १९८० मध्ये ब्रातिस्लाव्हाच्या सेमिनरीतल्या मुलांनी सरकारधार्जिण्या धर्मगुरूंच्या ‘पाचेम इन तेरिस’ संघटनेविरुद्ध उपोषण केलं. दीक्षा अजून मिळायची आहे, ती कधीही नाकारली जाऊ शकते, अशा अवस्थेत मुलं जेवण नाकारतात, याचं मोल आमच्यासारख्या सेमिनरीत राहिलेल्यांना जास्त कळतं. दोन वर्षांनी, मार्च १९८२ मध्ये, रोमने धर्मगुरूंना अशा राजकीय संघटनांत राहण्याची बंदी केली.

शेजारी पोलंडमध्ये बिशपांनी आपल्या सेमिनरी हातच्या जाऊ दिल्या नाहीत, तेव्हा सरकारने दुसरा मार्ग धरला. १९५९ पासून सेमिनरीतली मुलं सैन्यात ओढली, त्यांच्यासाठी बार्तोशित्सेसारख्या ठिकाणी वेगळ्या तुकड्या केल्या आणि तिथे त्यांची श्रद्धा मोडायचा प्रयत्न केला. येझी पोपिएवुश्को १९६६ ते ६८ तिथेच होते. प्रार्थना सोडायला नकार दिल्याबद्दल शिक्षा भोगून तब्येत कायमची बिघडवून ते परतले. ऑक्टोबर १९८४ मध्ये गुप्त पोलिसांनी त्यांचा खून केला. त्या बराकी बहुतेक मुलांच्या बाबतीत सरकारच्या अंगलट आल्या, कारण तिथे शत्रू समोर उभा होता आणि शेजारच्या खाटेवरचा मुलगा आपला होता. लितोमेर्झित्सेला नेमकं हेच कळत नसे.

आता गुप्त प्रशिक्षण. याची सुरुवात ठरवून झाली. छळ येणार हे ओळखून रोमने चेकोस्लोव्हाकियाच्या बिशपांना खास अधिकार दिले होते, ज्यांच्या बळावर पोपची नेहमीची परवानगी न घेता बिशपांचा अभिषेक करता येई. जानेवारी १९५१ मध्ये रोझ्न्यावाचे बिशप पोबोझ्नी यांनी येशूसंघाचे (जेझुइट) पावोल ह्निलित्सा यांना गुपचूप बिशप केलं. पोलीस मागावर आल्याने ह्निलित्सांना देश सोडावा लागणार होता, म्हणून त्यांनी ऑगस्टमध्ये यान कोरेत्स यांना बिशप केलं. कोरेत्स तेव्हा २७ वर्षांचे होते, दीक्षा होऊन वर्षही झालं नव्हतं, आणि ते कारखान्यात कामगार होते. १९६० मध्ये पकडले गेले, १२ वर्षांची शिक्षा झाली, १९६८ मध्ये सुटले. मग रस्ते झाडले, लिफ्ट दुरुस्त केल्या आणि फादर घडवत राहिले. सुमारे १२० जणांना त्यांनी गुप्तपणे दीक्षा दिली असं सांगितलं जातं. १९९१ मध्ये कार्डिनल झाले.

हे शिक्षण चाले कसं? येशूसंघ, सेलेशियन, डॉमिनिकन, फ्रान्सिस्कन अशा व्रतस्थ संघांची गुप्त साखळी होती. मुलगा दिवसा नोकरी करी: इंजिनिअर, डॉक्टर, फोरमन, काहीही. संध्याकाळी कुणाच्या तरी फ्लॅटमध्ये तिघे-चौघे जमत, पाच-सहा माणसांहून मोठा गट धोक्याचा. पुस्तकं टाइपरायटरवर कार्बन लावून उतरवलेली, किंवा परदेशातून लपवून आणलेली. शिकवणारे बहुधा तुरुंगातून सुटलेले विद्वान. ओतो मादर यांना जन्मठेप झाली होती, योसेफ झ्वेर्झिना यांना २२ वर्षं. १९६०च्या दशकाच्या मध्याला दोघे सुटले आणि दोघांनी या गुप्त वर्गांना जीव दिला. खुद्द तुरुंगातही वर्ग चालत. सरकारने कित्येक बिशप, प्राध्यापक आणि व्रतस्थ एकाच भिंतीआड कोंडले होते. कागद नाही, पेन नाही, तोंडी धडे आणि पाठांतर. आपल्याकडच्या जुन्या मौखिक परंपरेचे जाणकार यावर नवल करणार नाहीत, पण युरोपच्या विद्यापीठात वाढलेल्या त्या माणसांना हे नव्याने शिकावं लागलं.

दीक्षेसाठी काहीजण सीमेपलीकडे जात. पूर्व जर्मनीत एरफुर्टला १९५२ पासून चर्चच्याच हातात असलेली सेमिनरी होती. तोमाश हालिक यांना ऑक्टोबर १९७८ मध्ये एरफुर्टलाच, बिशप ह्यूगो आउफडरबेक यांच्या हस्ते दीक्षा मिळाली. ते प्रागमध्ये मानसशास्त्रज्ञ म्हणून काम करत होते, आणि आपला मुलगा फादर झालाय हे त्यांच्या आईलाही ठाऊक नव्हतं. इतर काही क्राकूवला जात, कार्डिनल वोयतिवांकडे, जे पुढे पोप जॉन पॉल दुसरे झाले. आलेला मुलगा खरा की एसटीबीने पाठवलेला, हे ओळखायला तिथे एक साधी युक्ती होती. एक कार्ड फाडून अर्धा भाग मुलाकडे, उरलेला अर्धा त्याच्या गुप्त वरिष्ठांमार्फत निरोप्याकरवी क्राकूवला. दोन्ही तुकडे जुळले तरच दीक्षा. मला ही गोष्ट फार महत्त्वाची वाटते. त्या फाटक्या कार्डाचा अर्थ असा की कुणीतरी या मुलाला ओळखतं, त्याला पारखलं आहे आणि त्याची जबाबदारी घेतं आहे. इमारत नव्हती, रेक्टरचं ऑफिस नव्हतं, पण सेमिनरीतली ती मूळ गोष्ट शाबूत होती.

जिथे ही पारख सैल झाली, तिथे काय होतं ते बर्नोच्या फेलिक्स मारिया दाविदेक यांच्या कहाणीत दिसतं. विलक्षण बुद्धीचे, निर्भय गृहस्थ. १९५० ते १९६४ तुरुंगात काढली. बाहेर येताच त्यांनी ‘कोइनोतेस’ नावाचा गुप्त गट उभा केला, त्याचं शिक्षण खोल आणि व्यापक होतं. ऑक्टोबर १९६७ मध्ये ते बिशप झाले. १९६८ च्या ऑगस्टमध्ये सोव्हिएत रणगाडे आले आणि सगळ्या धर्मगुरूंना आता सैबेरियाला नेतील अशी भीती त्यांना वाटू लागली. म्हणून त्यांनी भराभर दीक्षा दिल्या, राखीव म्हणून बिशपही अनेक केले. विवाहित पुरुषांना दीक्षा दिली, कारण बायकामुलांच्या माणसावर पोलिसांना संशय येत नसे. आणि डिसेंबर १९७० मध्ये त्यांनी आपल्या सहकारी लुदमिला याव्होरोव्हा यांना दीक्षा दिली. स्त्रियांच्या तुरुंगात एकही फादर पोचू शकत नाही, मग तिथल्या बायकांनी कुणाकडे जायचं, हा त्यांचा प्रश्न होता. त्या मुद्द्यावर त्यांचा गट फुटला. स्त्रीची दीक्षा ख्रिस्तसभा मानत नाही, आणि मीही त्या शिकवणुकीशी बांधील आहे. तरी तो प्रश्न ज्या कळवळ्यातून आला, त्याची थट्टा मी कुणाला करू देणार नाही. दाविदेक यांची अडचण वेगळीच होती. त्यांना थांबवू शकेल, “जरा थांबा, हा मुलगा अजून तयार नाही” असं सांगू शकेल असं त्यांच्या बरोबरीचं कुणी आसपास उरलं नव्हतं. कोरेत्सांच्या पाठीशी येशूसंघ होता, दुकांच्या पाठीशी डॉमिनिकन. दाविदेक यांना सगळे निर्णय एकट्याने घ्यावे लागले. ऑगस्ट १९८८ मध्ये ते वारले, राजवट पडायच्या वर्षभर आधी.

शेवटचा प्रश्न राहिला: चोरून दीक्षा घेतलेले खरे फादर ठरले का? बहुतेक ठरले. व्रतस्थ संघांच्या साखळीतून आलेले, हालिकांसारखे परदेशात दीक्षा घेतलेले, यांच्याकडे दीक्षा कुणी, कधी, कुणाच्या संमतीने दिली हे सांगणारी माणसं होती. ते १९८९ नंतर सरळ उघड कामाला लागले. अडचण आली ती दाविदेक यांच्या गटातल्या कित्येकांची, कारण तिथे कागद नव्हते, साक्षीदार कमी होते, आणि काही दीक्षांच्या विधीबद्दलच शंका होती. रोमने त्यांना सशर्त दीक्षा घ्यायला सांगितलं, म्हणजे ‘आधीची ग्राह्य नसेल तर ही ग्राह्य’ अशा अटीवर. विवाहितांसाठी मार्ग ग्रीक-कॅथलिक परंपरेचा, जिथे विवाहित पुरुष फादर होऊ शकतो. १९९६ मध्ये चेक प्रजासत्ताकात ग्रीक-कॅथलिकांसाठी स्वतंत्र प्रांतही स्थापन झाला आणि काहीजण तिकडे गेले. काहींनी मात्र पुन्हा दीक्षा घ्यायला नकार दिला. जीव धोक्यात घालून वीस वर्षं जी मिस्सा केली तिच्यावरच प्रश्नचिन्ह लागतंय, असं त्यांना वाटलं. फेब्रुवारी २००० मध्ये रोमने आपली भूमिका जाहीरपणे पुन्हा मांडली. नियम म्हणून ती योग्यच होती, संस्कारांच्या ग्राह्यतेबद्दल लोकांना संशयात ठेवता येत नाही. पण या माणसांना समोर बसवून, वेळ देऊन, आधी त्यांचं ऐकायला हवं होतं. ते पुरेसं झालं नाही असं माझं मत आहे.

हेच प्रश्न आज चीनमध्ये जिवंत आहेत. शांघायजवळ शशान इथे १९८२ मध्ये सरकारमान्य सेमिनरी उघडली. तिचे पहिले रेक्टर जिन लुशियान हे स्वतः अनेक वर्षं तुरुंगात काढलेले येशूसंघीय होते. गुप्त ख्रिस्तसभेतल्या बऱ्याच जणांनी त्यांना फितूर म्हटलं, आणि कित्येक तरुण फादर त्याच सेमिनरीतून बाहेर पडले. २०१८ मध्ये रोम आणि बीजिंग यांच्यात बिशपांच्या नेमणुकीबाबत करार झाला. त्या मुलांबद्दल मत बनवण्याआधी सेमिनरी कुणाच्या मालकीची आहे एवढंच विचारून थांबू नका. तिथला मुलगा आपल्या मनातली शंका कुणापाशी निर्धास्तपणे बोलू शकतो, हेही विचारा. माझ्या अनुभवात फादर कसा निघेल याचा अंदाज त्यावरूनच येतो.